दरजेतला अंगठा

सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला विलर्ड टॅगर्टने आपली गाडी रेनफ्रो घराच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराच्या दाराशी आणून लावली. गाडीत चुन्याची दोन पिंपं होती. जानेवारीत विरवलेला आणि तेव्हापासून पाण्याखाली मुरवत ठेवलेला चुना. थापीवर घेतला तर लोण्यासारखा बसावा असा. विलर्ड खाली उतरला, कमरेवर हात ठेवून त्याने भिंतीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. गवंड्याने भिंतीकडे बघायचं नाही तर कुठे? पण या एका भिंतीकडे सरळ बघणं त्याला गेल्या पस्तीस वर्षांत जमलं नव्हतं.

हार्पर्स लँडिंगला पाहुणे आले की रेनफ्रो घर दाखवायचं, ही गावची रीतच. दुसरं दाखवायला आहे काय? दुमजली, लाल विटांचं, पुढे चार पांढरे खांब, अंगणात मोठाले ओक आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ. विटा नदीकाठच्या मातीच्या, गुलामांनी थापलेल्या आणि गुलामांनीच रचलेल्या. विलर्डच्या आईच्या माहेरचा मूळपुरुष प्रिन्स हा त्या गवंड्यांचा मुकादम होता. मालकाने त्याला आडनाव दिलं नाही, पण घर मात्र त्याच्याकडून असं बांधून घेतलं की दीडशे वर्षं एक वीट हलली नाही.

आता मात्र उत्तरेकडच्या भिंतीवरच्या निम्म्या विटांचे चेहरे गळून पडले होते. विटांच्या सांध्यांतलं, म्हणजे दरजांमधलं, राखाडी सिमेंट शाबूत, आणि मधली वीट पोखरलेली. बोट लावलं तर लाल भुगा हातात यायचा.

लुर्लीन कॅस्टील दारातच उभी होती. गावातल्या जुन्या वास्तूंच्या मंडळाची ही अध्यक्षा. सत्तरीची, हसरी, आणि गप्प कसं राहायचं हे कुणी न शिकवलेली.

"या, विलर्ड! आधी इकडे या. दाराला नवीन कुलूप बसवलंय, अंगठा ठेवला की उघडतं. तुमचा अंगठा नोंदवून घेते, म्हणजे सारखं माझी वाट बघायला नको."

विलर्डने अंगठा ठेवला. यंत्र नाराजीने टुंकलं. पुन्हा ठेवला, पँटला पुसून ठेवला. टुंक, टुंक.

लुर्लीनने त्याचा हात धरून उजेडात नेला. "अहो, तुमच्या अंगठ्याला रेषाच नाहीत की हो!"

"चाळीस वर्षं चुन्या-सिमेंटात बुडवलाय, बाई. झिजून गेल्या."

"म्हणजे कुठे दरोडा घातलात तरी सापडायचे नाहीत तुम्ही!" ती खळखळून हसली. विलर्डही हसला, पण उशिरा.

"आणि हे बघा, पाटीचा मजकूर. शनिवारी लावायची." तिने चष्मा चढवून कागद वाचायला सुरुवात केली. प्रिन्सचं नाव होतं, त्याच्या मुलाचं, नातवाचं होतं. मग तिचा आवाज जरा खाली आला. "'१९८९ साली दृष्टी गमावलेल्या थॅडियस मॉबली यांच्या हातून दुरुस्तीत चुकीचं सिमेंट वापरलं गेल्याने वास्तूची मोठी हानी झाली. त्यांचे भाचे विलर्ड टॅगर्ट यांनी ती जुन्या पद्धतीने पूर्ववत केली.' ...जरा लागेल असं आहे, कळतं मला. तुमचे मामा होते ते. पण येणारे लोक विचारतात हो, भिंत अशी का झाली म्हणून. खरं ते सांगायलाच हवं, नाही का?"

विलर्डने अंगठा पुन्हा पँटला पुसला. "हं," एवढंच तो म्हणाला.

"ओडेसाच्या हस्ते पाटीवरचं कापड ओढायचं ठरवलंय. मामांची मुलगी म्हणून. यायला तयारच नव्हती, मी दोनदा फोन केला तेव्हा कुठे हो म्हणाली." लुर्लीन समाधानाने कागदाची घडी घालत निघून गेली.

खरं ते सांगायलाच हवं. विलर्डने सांगितलं नाही, मग मीच सांगतो.

थॅडियस मॉबली हा पंचक्रोशीतला शेवटचा चुनेवाला गवंडी. विलर्डचा बाप लहानपणीच गेला, तेव्हा या मामानेच त्याला वाढवलं आणि थापी हातात दिली. मामाचं म्हणणं एकच: ही वीट मऊ आहे, तिला श्वास घ्यावा लागतो. दरजेत चुना असला तर भिंतीतली ओल दरजेवाटे बाहेर जाते. सिमेंट घातलंस तर तिच्या तोंडात बोळा कोंबलास म्हणून समज. ओल आत कोंडते आणि वीट आतून मरते. सदा दाढेत लवंग धरून बोलायचा तो, त्यामुळे त्याच्या शिकवणीला लवंगेचा वास होता.

आणि घराण्याची एक चाल होती. दर पिढीत एकदा या घराच्या दरजा नव्याने भरायच्या, आणि सगळ्यात शेवटची दरज, स्वयंपाकघराच्या दाराच्या डाव्या हाताची, भरून झाली की ओल्या चुन्यात गवंड्याने आपला अंगठा दाबायचा. काम खरं आहे याची ती हमी. लिहिता-वाचता न येणाऱ्या प्रिन्सने ती चाल पाडली. त्याचा अंगठा, खाली मुलाचा, त्याच्या खाली नातवाचा, असे तीन अंगठे एकाखाली एक अजून तिथे आहेत. नवं काम करताना त्या तीन दरजांना कुणी हात लावत नाही.

१९८९ साली घराची मालकीण होती मिस ऑगस्टा रेनफ्रो, एकटी राहणारी म्हातारी. तिने काम मामाला सांगितलं. मामाच्या डोळ्यांत तोवर पूर्ण पडदे आले होते, म्हणून हात विलर्डचे आणि शब्द मामाचा, असं ठरलं. विलर्ड सत्तावीस वर्षांचा होता. तालुक्याच्या गावी नवी शाळा उभी राहत होती, तिथे त्याला मुकादमाची जागा चालून आली होती, पण पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. चुना भरायचा तर दोन महिने हवे होते. त्याने सिमेंट आणलं. वरून चुन्याची पातळ, पांढरी निवळ फिरवली, म्हणजे बघणाऱ्याला रंगावरून कळू नये. बघणारं होतं कोण म्हणा.

शेवटच्या दिवशी ओडेसाने आपल्या बापाला हाताला धरून आणलं. तिला दुकानात जायचं होतं, ती लगेच गेली. मामाने भिंतीवरून तळवा फिरवला आणि विचारलं, "चुनाच ना रे, विली?"

"चुनाच, मामा."

मामाने अंगठा दाबला. त्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, तरुणपणी विटा तासताना पडलेला. अंगठा त्याने जरा जास्तच वेळ आत ठेवला. मग काढला, पँटला पुसला आणि काही न बोलता काठी चाचपू लागला. त्याला कळलं होतं की नाही, हे विलर्डला कधी समजलं नाही. विचारायचं धाडस त्याने केलं नाही आणि पुढच्याच हिवाळ्यात मामा गेला.

मग दोन-तीन वर्षांत भिंतीला ओल धरली. आतले कागद सुटले, बुरशी चढली. मिस ऑगस्टाचा खोकला सुरू झाला. छातीला कापराचं मलम चोळून ती खिडकीशी बसायची आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला तो खोकला ऐकू यायचा. त्या खोकल्यातच ती गेली. गाव म्हणालं, बिचारा थॅडियस, आंधळेपणी हाताला येईल ते कालवून बसला. विलर्ड मूग गिळून राहिला. वर त्याच मामाच्या नावावर त्याला गावातली आणखी सहा घरं दुरुस्तीला मिळाली, समोरचं डॉक्टरांचं विटांचं घर त्यातलंच. चुना विरवायला वेळ कुणाला होता? तिथेही सिमेंटच गेलं.

तर असा हा विलर्ड. माणूस वाईट नव्हे. चर्चमध्ये गातो, शेजाऱ्याचं छप्पर फुकट शाकारून देतो. पण एकदा खोटं बोलला आणि मग पस्तीस वर्षं त्याच्यावर नुसता बसून राहिला.

सोमवारी त्याने उत्तरेकडची भिंत हातात घेतली. यंत्र लावलं तर विटांच्या कडा जातात, म्हणून छिन्नी आणि हातोडी. पाऊस पडून सहा आठवडे झाले होते. अंगणातलं गवत वाळून कडकडत होतं. छातीच्या उंचीवरच्या दरजेतून त्याने सिमेंटचा पहिला तुकडा उडवला, आणि त्या फटीतून त्याच्या चेहऱ्यावर हवा आली.

गार, ओली हवा. तिला कापराचा वास होता.

जुन्या घरात फटी असतात, आतून झोत येतो, असं त्याने स्वतःला समजावलं. दुसरा तुकडा निघाला. तिसरा. प्रत्येक फट मोकळी झाली की सूक्ष्म सुस्कारा यायचा, आणि दुपारपर्यंत ते सगळे सुस्कारे एका लयीत आले होते. बाहेर... मग थोडं थांबून आत. बाहेर... आत. विलर्डने हातोडी खाली ठेवून कान लावला. वीट गालाला ओली लागली. आत खोल कुठेतरी कुणीतरी दाबून, तोंडावर रुमाल धरून खोकलं.

"कोण आहे?" तो ओरडला.

घर रिकामं होतं. कुलूप तर त्याच्या अंगठ्याने उघडतच नव्हतं.

मंगळवारी त्याने मोकळ्या दरजांत चुना भरला आणि ऊन लागू नये म्हणून वरून ओलं गोणपाट टांगलं. बुधवारी सकाळी गोणपाट उचललं. चुना हवा तसा आळून आला होता, नख रोवलं तर जेमतेम रुतत होतं. आणि पहिल्या दरजेच्या मधोमध अंगठ्याचा ठसा होता. ठशात आडवी रेघ होती.

कुणीतरी चेष्टा केली, असं तो मोठ्याने म्हणाला. थापीने ठसा बुजवला. गुरुवारी गोणपाट उचललं तेव्हा भरलेल्या प्रत्येक दरजेत, हातभर अंतरावर एक, असे अंगठे उमटले होते. सगळे आडव्या रेघेचे. काम तपासत कुणीतरी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं होतं, आणि खालच्या थरापर्यंत पुन्हा वाकत परत आलं होतं. हवेत लवंगेचा वास होता.  विलर्ड चुन्याच्या पिंपावर बसला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "चुनाच आहे, मामा... या वेळी चुनाच आहे."

भिंत श्वास घेत होती. बाहेर... आत.

दुपारी ओडेसा आली. मामाची एकुलती एक मुलगी, विलर्डपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. गुडघे दुखत असूनही डबा घेऊन चालत आली होती. विलर्डची बायको वारल्यापासून दर रविवारी तो तिच्याकडेच जेवायचा.

"काय रे, भूत बघितल्यासारखा चेहरा केलास तो?" तिने डबा उघडला. लोण्यातल्या वालाच्या शेंगा, मक्याची भाकरी, तळलेली भेंडी. "खा. वाळून चिपाड झालायस. त्या लुर्लीनने पाणी तरी विचारलं का?"

"विचारलं, ताई."

"विचारणारच. गोड बोलून कापणारी बाई ती." ओडेसाने पाठ मुद्दाम भिंतीकडे केली होती. "या घरावरून मी जात नाही, ठाऊक आहे ना तुला? बाजाराला जायचं तरी वळसा घालून जाते."

"का?"

ती बराच वेळ भाकरीचे तुकडे करत राहिली. "त्या दिवशी मी त्यांना इथे सोडलं आणि दुकानात गेले. चपला घ्यायच्या होत्या, विली. लाल चपला. मी थांबले असते, कालवलेल्या चुन्यात एकदा बोट घालून बघितलं असतं, तर मला कळलं असतं. गवंड्याची पोर आहे मी. आंधळ्या बापाला मी सोडून गेले आणि त्यांच्या आयुष्यभराच्या नावाला बट्टा लागला. तू पोरगेला होतास, तू त्यांना काय अडवणार?" तिने डोळे पदराने टिपावेत तसे ॲप्रनने टिपले. "शनिवारी ते कापड मी ओढणार. माझं पाप आहे, माझ्याच हाताने उघडं होऊ दे."

विलर्डच्या तोंडात घास फिरत राहिला. आता सांग, त्याचं मन म्हणालं. तोंड उघड आणि सांग. ती समोर बसलीय, इथे दुसरं कुणी नाही, एवढं सोपं पुन्हा कधी होणार नाही.

"भेंडी छान झालीय, ताई," तो म्हणाला.

आणि भिंतीचा श्वास थांबला.

चार दिवस कानांत बसलेला तो आवाज तुटला तेव्हा एवढी शांतता झाली की ओकचं पान पडलेलंही ऐकू आलं. ओडेसानेसुद्धा मान वर केली. "काय बंद पडलं रे?"

"काही नाही," विलर्ड म्हणाला. भिंतीने श्वास आत घेतला होता आणि सोडला नव्हता.

शुक्रवारी पितळी पाटी आली. "तुम्हीच लावा," लुर्लीन म्हणाली, "तुमच्या घराण्याची आहे."

"नवा चुना इतक्यात स्क्रू धरणार नाही, बाई. महिनाभर थांबा."

"मग दाराजवळच्या त्या जुन्या सिमेंटात लावा ना. ते तर दगड आहे."

स्वयंपाकघराच्या दाराची भिंत अजून व्हायची होती. तीन पूर्वजांच्या अंगठ्यांखाली मामाचा चौथा अंगठा राखाडी सिमेंटात तसाच होता. त्याच्या शेजारी विलर्डने चार भोकं पाडली आणि मामाच्या बदनामीची पाटी आपल्या हाताने पिळून घट्ट बसवली. एवढं करून दाखवलं त्याने. घरी जाऊन तो जेवला नाही.

शनिवारी सकाळी पाटी पायरीवर पालथी पडलेली होती. चारही स्क्रू तिच्याभोवती नीट मांडून ठेवल्यासारखे. आणि सिमेंटात भोकंच नव्हती. विलर्डने बोट फिरवलं, नखाने खरवडलं. भोकं कधी पाडलीच नव्हती इतकं ते सलग होतं. मामाच्या अंगठ्याजवळ त्याला कसलासा खळगा लागला, पण तेवढ्यात माणसं येऊ लागली.

"पडली?" लुर्लीन म्हणाली. "असू दे, खुर्चीवर ठेवू. पाहुण्यांना काय कळतंय!"

वीस-पंचवीस माणसं जमली. उन्हात टेबलावर लिंबाचं सरबत आणि केक मांडला होता. खुर्चीवरची पाटी निळ्या कापडाखाली होती. लुर्लीनचं भाषण लांबलं आणि अखेर संपलं. ओडेसा पुढे आली. चर्चचा चांगला पोशाख, डोक्यावर टोपी, आणि पायांत लाल चपला. जुन्या, भेगाळलेल्या, पस्तीस वर्षं कुठल्यातरी खोक्यात जपून ठेवलेल्या. तिने कापडाला हात घातला.

त्या चपला बघितल्या आणि विलर्डचा धीर सुटला.

"थांब, ताई."

"आता काय?"

"मामाने काही केलं नाही. सिमेंट मी आणलं. चुना आहे म्हणून मी त्याला सांगितलं. त्याने विचारलं होतं, मी खोटं बोललो." तो निळ्या कापडाकडे बघत बोलत राहिला. "मला शाळेच्या कामावर जायची घाई होती."

 मग लुर्लीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मोठं मन आहे हो तुमचं, विलर्ड. गेलेल्या माणसाचा दोष असा अंगावर घेणारे भाचे आता कुठे राहिलेत?" एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

"दोष अंगावर घेत नाही, बाई! माझाच आहे तो!"

"पण अंगठा तर त्यांचा आहे ना तिथे," लुर्लीन समजुतीने म्हणाली. "हमीचा."

ओडेसा कुणाकडेच बघत नव्हती. ती भिंतीशी गेली. टोपी सरकवून तिने डोळे मिटले आणि तिचा बाप फिरवायचा तसा सिमेंटावरून तळवा फिरवला. बापाच्या अंगठ्यावर तिची बोटं थांबली. मग थोडी उजवीकडे सरकली आणि पुन्हा थांबली.

"विली, इकडे ये."

मामाच्या ठशाला लागून, पस्तीस वर्षं जुन्या, दगड झालेल्या सिमेंटात दुसरा अंगठा होता. विलर्डने तो तिथे कधी दाबला नव्हता. काल संध्याकाळी तो नव्हता. खोल, रुंद, आणि आतून गुळगुळीत. एकही रेष नसलेला.

ओडेसाने त्याचं मनगट धरलं आणि त्याचा अंगठा त्या खळग्यात ठेवला. वाटीत वाटी बसावी तसा तो बसला.

लुर्लीन पुढे वाकली. तिने तो खळगा बघितला, विलर्डचा हात बघितला, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.  तिने खुर्चीवरची पाटी कापडासकट उचलली आणि आत नेली.

"पस्तीस वर्षं," ओडेसा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दर रविवारी माझ्या हातचं जेवलास. आणि परवा भेंडी छान झालीय म्हणालास."

"ताई..."

"तो बाबांचा अंगठा कापून दे मला."

सगळे पांगेपर्यंत विलर्ड छिन्नीने दोन ठशांच्या मधून हलकेच कापत राहिला. तुकडे दोन झाले. ओडेसाने बापाचा ठसा केकवरच्या कापडात गुंडाळला आणि छातीशी धरला. विलर्डने दुसरा तुकडाही पुढे केला.

"तुझा तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली आणि लाल चपला ओढत, मागे न बघता फाटकातून गेली. त्या दिवशी ती सरळ रस्त्याने गेली.

दुपार कलली. अंगणात तो एकटाच उरला. त्याच्या मागे भिंतीने एक मोठा, लांब श्वास सोडला. गोणपाटं एकदम फुगली आणि खाली बसली. विलर्ड रडला. लाजेने रडला, आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखं वाटून रडला.

मग गवंड्याने करायचं तेच त्याने केलं. रिकाम्या झालेल्या त्या दरजेत पाणी शिंपडलं, चुना भरला, थापीने सारखा केला. आता चालीप्रमाणे अंगठा त्याचा. त्याने तो दाबला.

चुना वाजवीपेक्षा मऊ लागला. अंगठा पेरापर्यंत आत गेला, आणखी आत गेला, आणि तिथे त्याच्या टोकाला दुसऱ्या अंगठ्याचं टोक येऊन टेकलं. कोमट. त्यावरचा आडवा व्रण त्याला स्पष्ट कळला. लवंगेचा वास आला.

"चुनाच ना रे, विली?"

त्याने हात काढला नाही. काढायचा हक्कच आपल्याला नाही, असं त्याला वाटलं. "चुनाच, मामा," तो म्हणाला, आणि या वेळी ते खरं होतं.

आतला अंगठा त्याच्या अंगठ्यावरून हळूच फिरला. जणू तपासत होता. मग तो अंगठा अधिकच घट्ट टेकला.

"आणि बाकीची सहा?"

 दाब हळूच सुटला, दरज भरून आली, आणि त्याच्या हाताला नुसता ओला चुना राहिला. तो वळला. खिशात सिमेंटचा तो तुकडा मांडीला टोचत होता. रस्त्यापलीकडे डॉक्टरांचं विटांचं घर उन्हात उभं होतं, दारं-खिडक्या लावलेलं. डॉक्टरांचं बिऱ्हाड दोन वर्षांपूर्वीच गाव सोडून गेलं होतं. तिथल्या भिंतीतून कुणीतरी, तोंडावर रुमाल धरून, खोकलं. मग त्याच्या पलीकडच्या घरातून. मग चर्चच्या बाजूने.